पहिली आवृत्ती म्हणे!

परत तेच! जुनी पुस्तकं विकणाऱ्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘पहिली आवृत्ती’, आणि पार्सल फोडलं तर बुक क्लबची, म्हणजे क्लबच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली प्रत. पुस्तकाच्या कागदी वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत नाही, मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात तो बारीक दाबलेला खळगा. नुसतं बोट फिरवलं तरी कळतं! अहो, आवृत्ती पहिली असली तरी मुद्रण, म्हणजे छपाईची खेप, तिसरं असू शकतं. १९२५ च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या इंग्रजी कादंबरीच्या पहिल्या मुद्रणात पान २०५ वर ‘सिक इन टायर्ड’ आहे, दुसऱ्यात ते बदललं. एवढ्याशा फरकासाठी आम्ही भिंग घेऊन बसतो, आणि हे विक्रेते कॉपीराइटच्या पानाचा, म्हणजे जिथे आवृत्तीची माहिती छापलेली असते त्या पानाचा, साधा फोटो टाकत नाहीत. मागितला की उत्तर, “जुनंच आहे हो पुस्तक!” जुनं आहे ते मलाही दिसतंय. पहिलं आहे का, ते सांगा!