भीती झाकली जाते, म्हणता? ('स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

सलाम, 'स्पष्टवक्ता'.

भीतीच्या वेळी प्रार्थनेने धीर मिळतो, या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "प्रार्थनेने भीती जात नाही, नुसती झाकली जाते. म्हणून तर तुमची माणसं तक्रार द्यायची सोडून गुडघे टेकून बसतात. घरात बसून धीर वाटणाऱ्या ताईंचं काय जातं?" लेख लांबला, असंही म्हणालात. ते मान्य. दोन भागांत द्यायला हवा होता.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण टोपणनाव घेऊन, "मीही ख्रिस्ती घरातलाच, आता पुण्यात असतो" असं सांगून वर "तुमची माणसं"? ही माणसं फक्त माझी कधीपासून झाली? तुमची आईही कुठल्यातरी मंडळीत बसूनच तुमच्यासाठी प्रार्थना करत असेल ना? असो.

"घरात बसून" म्हणालात, तर घरातलंच सांगते. मी बारावीला होते. जालन्याजवळच्या आमच्या गावी शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा असायची. आठ-दहा माणसं, बहुतेक बायाच. त्या दिवशी दाराशी मोटरसायकली थांबल्या आणि पोरं उंबऱ्यात उभी राहून मोबाइलवर शूटिंग करायला लागली. "धर्म बदलायचे किती पैसे मिळतात?" असं विचारणाऱ्यांत माझ्या वर्गातलाही एक होता. लाइट गेलेली, वारा नाही, तरी बाबांच्या हातातल्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, पानं हलत होती. हात थरथरत होते त्यांचे. त्यांनी स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग पोरांना म्हणाले, "आत येऊन बसा, दारात उभं राहू नका." कोणी बसलं नाही. जाताना सायकलचे दोन्ही टायर फाडून गेले.

रात्री उशिरापर्यंत आम्ही गुडघ्यांवर होतो. सकाळी बाबांनी माझ्या वहीचं पान फाडलं, खाली कार्बन घातला आणि अर्ज लिहिला. ओळी रेघा सोडून खाली घसरलेल्या. पाळकसाहेबांना विचारून त्यात धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं 25वं कलमही घातलं. ठाण्यात दुपारपर्यंत बसवून ठेवलं, "आपसात मिटवून घ्या" म्हणाले. शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय बाबा बाकावरून उठले नाहीत. सांगा आता, यात झाकलं काय? भीती सगळ्यांसमोर होती, पोरांनी तिचं शूटिंगसुद्धा केलं. माणूस तरी जागचा हलला नाही. हे बळ त्यांना कुठून आलं ते मी रात्रभर शेजारी बसून पाहिलंय, तुम्ही नाही.

आणि शास्त्र तरी काय सांगतं? बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, 23वा अध्याय काढा. यरुशलेमेत प्रभू येशू रात्री कैदेतल्या प्रेषित पौलाजवळ उभा राहिला आणि धीर धर म्हणाला. सकाळी चाळीसहून जास्त लोकांनी शपथ घेतली, की पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही. भाच्याने ही खबर आणली, तेव्हा पौल "प्रभूने सांगितलंय ना" म्हणून स्वस्थ बसला का? त्याने पोराला थेट रोमी सरदाराकडे पाठवलं. 200 शिपाई, 70 घोडेस्वार आणि 200 भालाईत देऊन सरदाराने पौलाला रातोरात तिथून हलवलं. रोमी नागरिकाला चौकशी न करता फटके मारता येतात का, हे तर त्याने त्याआधीच विचारून ठेवलं होतं. गुडघे टेकणं आणि तक्रार देणं ही एकाच माणसाची दोन कामं आहेत. तुम्ही त्यांची भांडणं लावता.

आपल्या जालन्याचंच घ्या. जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा 1843 साली मुंबईत झाला. त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे आलेला धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिला. सख्खा भाऊ असा हातचा जाणं काय असतं, याची कल्पना करा. शेषाद्री मागे फिरले नाहीत. ते काही मनाची समजूत घालून जगत नव्हते.

दलित ख्रिस्ती लोकांच्या सवलतींवर मी का लिहीत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवणारा 1950चा आदेश मला माहीत आहे. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, आपण राहिलो. पण माझा लेख भीतीवर होता. तो विषय इथे नको. पाळकांच्या पगाराबद्दलचं तुमचं वाक्य मी उत्तराच्या लायकीचंही समजत नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने टाका, मी छापीन. आणि जालन्याला आलात तर रविवारी उपासनेला या. बाबा डावीकडे तिसऱ्या बाकावर बसतात. भीती झाकली जाते, हे त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवा.