‘सायकॉलॉजीत एम.ए. म्हणजे गप्पांची पदवी’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

पदवीचे निकाल लागले की पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे, आशय तोच: उपयोजित मानसशास्त्रात एम.ए. करणं म्हणजे दोन वर्षं आणि पैसे पाण्यात. शिकवतात ते सगळं कॉमन सेन्स. इतकं करून माणूस डॉक्टर होत नाही, पेशंट तपासायचा हक्क मिळत नाही. तेच काम सहा महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोमावर होतं. नोकऱ्या नाहीतच. आणि शेवटी, हसऱ्या इमोजीसह, ‘ज्यांचं स्वतःचं डोकं ठिकाणावर नाही तेच हे शिकायला जातात.’

शेवटचं आधी घेतो, ते लवकर आटपतं. स्वतःला किंवा घरात कुणाला त्रास झाला म्हणून या विषयाकडे वळलेली मुलं वर्गात असतात. असेनात का. संख्याशास्त्राच्या पेपरात त्याचे गुण मिळतही नाहीत आणि कापलेही जात नाहीत.

आता कॉमन सेन्स. अपघातातून किंवा पुरातून वाचलेल्या माणसाला लगेच समोर बसवावं, घडलेलं सगळं बोलायला लावावं, मन मोकळं झालं की पुढचा त्रास टळतो. हे कुणालाही पटेल. १९८० आणि ९० च्या दशकांत जगभर अशी एका बैठकीची ‘डीब्रीफिंग’ सर्रास होत असत. पुढे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे दोन गट पाडले, एकाला ही बैठक दिली, दुसऱ्याला नाही, आणि दोघांचा पाठपुरावा केला. वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात या प्रयोगांचा हिशेब मांडला गेला: आघातानंतरचा मानसिक विकार टळत नाही, उलट एका प्रयोगात वर्षभरानंतरच्या तपासणीत बैठक झालेल्यांना जास्त त्रास असल्याचंही दिसलं. चांगल्या मनाने केलेल्या मदतीतून अपाय. हे अंदाजाने कुणाला सुचलं असतं?

दुसरं उदाहरण ऑफिसातलं. ‘मी माणूस दोन मिनिटांत ओळखतो’ म्हणणारा साहेब प्रत्येक कचेरीत असतो. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण, अशी मुलाखत घेतली तर ती आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध ०.४२ च्या आसपास येतो (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). गप्पावजा मुलाखतीचा ०.१९. हे आकडे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निवडपद्धतींवरच्या एका मोठ्या फेरआढाव्यातले आहेत. साहेबाचा आत्मविश्वास मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

मजकूर लिहिणाऱ्याची मुख्य चूक इथे आहे. त्याला ही बोलण्याची पदवी वाटते. ती बऱ्याच अंशी मोजण्याची पदवी आहे. रिलायबिलिटी (पुन्हा मोजलं तर तेच येतं का), व्हॅलिडिटी (जे मोजायचं तेच मोजलं जातं का), नॉर्म्स (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते सर्वसाधारण आकडे), फॅक्टर अ‍ॅनालिसिस (अनेक उत्तरांमागचे मोजके समान घटक शोधणं) यांत पहिलं वर्ष कसं जातं ते आर्ट्सला ‘गणित सुटलं’ म्हणून आलेल्या मुलांना विचारा.

आणि हे मोजमाप हवेतलं नाही, आपल्या मुलांचं आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमत्ता चाचणी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप मालिन यांनी १९६९ मध्ये आणलं, तेही नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमधून. या दोन्ही बुद्धिमत्ता चाचण्यांवर कितीतरी मुलांची प्रमाणपत्रं निघाली. अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं, असलेल्या मुलांना महाराष्ट्र सरकारने १९९६ पासून बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या, त्यामागेही बुद्ध्यंकाची चाचणी असतेच. आता गोम अशी, की अशा चाचण्यांवरचे गुण पिढ्यागणिक वाढत जातात. जेम्स फ्लिन यांनी ते १९८० च्या दशकात देशोदेशीच्या आकड्यांवरून दाखवलं, दर दशकाला साधारण ३ गुण. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या नॉर्म्सवर आजचं मूल मोजलं तर गुण फुगतात, आणि ज्याला मदत मिळायला हवी ते बौद्धिक अक्षमतेची सीमा मानल्या जाणाऱ्या ७० च्या रेषेच्या वर दिसतं. चाचणी हातात धरणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्या मुलाचं वर्षच नव्हे, पुढची वाटही बिघडते. मराठीतल्या चाचण्या नव्याने प्रमाणित करायला माणसं कमी पडतात, ही खरी तक्रार आहे. ती त्या मजकुरात नाही.

‘पेशंट तपासायचा हक्क नाही.’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. औषधं लिहून देणं मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे वैद्यकाच्या डॉक्टरचं काम. आणि एम.ए. संपताच ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे मानसिक विकार तपासून औषधांविना उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, अशी पाटी लावणं कायद्यात बसत नाही. कुणी लावली असेल तर जरूर विचारा. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या वाचा. भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता ही एक वाट. दुसरी वाट म्हणजे मानसशास्त्र, क्लिनिकल किंवा उपयोजित मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्णवेळ, परिषद-मान्य एम.फिल. म्हणजे ज्या पदवीला मजकूर निरुपयोगी ठरवतो, तिचं नाव कायद्यानेच पायरी म्हणून घेतलंय. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केली, मग या विषयापुरते प्रवेश २०२५-२६ पर्यंत चालू ठेवले. नियम हलते आहेत, तेव्हा या वाटेने जाणाऱ्याने परिषदेची ताजी सूचना वाचूनच पाऊल टाकावं. ग्रुपवरच्या काकांचा सल्ला त्याला पर्याय नाही.

सहा महिन्यांच्या डिप्लोमाबद्दल फार लिहीत नाही. संवादकौशल्याची तोंडओळख म्हणून करा, हरकत नाही. पण बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ विकणारेही गळ्यात काउन्सेलरचं कार्ड घालूनच येतात, आणि त्या ठशांचा बुद्धीशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. सरकारचा कलही उलटाच आहे: आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवू नका, असं यूजीसीने २०२५ मध्ये विद्यापीठांना बजावलं, आणि त्यात मानसशास्त्राचं नाव आहे.

राहिल्या नोकऱ्या. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त दवाखाना आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ च्या सुमारास स्वयंचलित माग आले, पण अपेक्षेइतकं उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेच्या ए. के. राइस यांनी माग तेच ठेवून कामाची मांडणी बदलली; ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एकेका छोट्या गटाकडे दिली. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. मानसशास्त्राच्या औद्योगिक शाखेत हेच शिकतात. सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीत, एसएसबीत, मानसशास्त्रज्ञ असतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. १४४१६ या ‘टेली-मानस’ नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर २०२२ पासून माणसं बोलतात, तीही कुठून तरी शिकूनच आलेली असतात.

पगार सुरुवातीला बेताचा असतो, हे कबूल. शाळेतला समुपदेशक अनेकदा कंत्राटी असतो आणि त्याला बदली तासांवरही पाठवतात. त्याबद्दल कुणी मजकूर लिहिला तर मीही पुढे पाठवीन. तोवर प्रवेशाआधी विभागात जाऊन एवढं विचारा: प्रात्यक्षिकाचे तास किती, केस कुठे मिळतात, देखरेख कोण करतं आणि मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत.