बिडाचं की नळ्यांचं?

एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्सकार बाळगणाऱ्याला सामान्य माणसं रंगाबद्दल विचारतात, वेगाबद्दल विचारतात आणि निघून जातात. जाणकार मात्र बॉनेट उघडायला लावतो, डावीकडे वाकतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "मॅनिफोल्ड कुठलं?" मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग, बिडाचा ओतीव नाहीतर नळ्या जोडून केलेला. या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. 'मूळचं, बिडाचं' म्हणावं तर तो कीव करतो. 'नळ्यांचं' म्हणावं तर शेजारी उभा असलेला दुसऱ्या पंथाचा म्हातारा सुस्कारा सोडतो. इंग्रज माणूस सुस्काऱ्यात जेवढा अपमान करू शकतो, तेवढा आपल्याकडे अर्धा तास भांडूनही होत नाही.

ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनला बनली, पाच लाखांच्या वर. त्यातली एक इंग्लंडमध्ये रेडिंगला माझ्या दारात उभी असते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स माफ आणि मोठे फेरफार केलेले नसले तर वार्षिक तपासणीही माफ. म्हणजे तिचं काय बिघडलंय हे शोधायचं काम सरकारनं मोठ्या सन्मानानं माझ्यावर सोपवलं आहे.

यंदाच्या थंडीत ते शोधावं लागलं. सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक-टिक. थोडं अंतर गेलं, लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज गायब. ऐकायला कुणाला बोलवावं, तोवर गाडी शहाणी झालेली. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मात्र मागून फट्-फट् असे बार. फटीतून हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं, हे मला ठाऊक होतं. बसस्टॉपवरच्या आजींना नव्हतं.

गळती शोधायची पद्धत अशी: रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेनं फिरवायचं. मी या अवस्थेत असताना बायको चहा घेऊन आली. काही न बोलता कप मडगार्डवर ठेवून आत गेली.

गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि मॅनिफोल्डमधली फट बुजवणारं पातळ अस्तर, गेलं होतं. आता ते बदलायचं तर एअर फिल्टर काढा, एसयू कंपनीचे दोन्ही कार्बोरेटर काढा, पत्र्याचा पडदा काढा, पेट्रोल आत नेणारं मॅनिफोल्ड काढा, मग धूर बाहेर नेणारं. कारण ज्यांनी हे इंजिन आखलं त्यांनी दोन्ही एकाच अंगाला बसवली आहेत. खाली आग, वर पेट्रोल. उन्हाळ्यात गर्दीत अडकलं की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळायला लागतं ते यामुळेच.

एवढं उघडलंच आहे तर नळ्यांचं बसवून टाक, असं सगळे म्हणाले. नळ्यांचं दिसतं झकास, वजनाला हलकं, आवाज भरदार. शिवाय 'ताकद वाढते'. पण या इंजिनात सिलिंडर चार आणि धुराला बाहेर पडायला भोकं तीन. एक आणि चार नंबरला स्वतंत्र; दोन आणि तीन नंबरला, चाळीतल्या संडासासारखं, सामायिक. बाहेर कितीही ऐटबाज पायपिंग केलं तरी आतली रांग तीच. आणि मूळचं बिडाचं मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या गाडीला पुरून उरेल इतकं चांगलं ओतलेलं आहे, हे नळ्यावालेही दोन पाइंटनंतर कबूल करतात.

ओळखीतल्या एकानं तरीही नळ्यांचं मागवलं. त्याचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी चपटी कड, वरच्या मॅनिफोल्डच्या फ्लँजपेक्षा पातळ निघाला. मधल्या स्टडवर, म्हणजे इंजिनात रोवलेल्या आटेदार खिट्टीवर, एकच जाड वॉशर दोन्ही फ्लँज दाबून धरतो. एक जाड, एक पातळ असला की वॉशर तिरका बसतो आणि नवीन गॅस्केटही टिकटिकायला लागतं. मग त्यानं उष्णता कोंडायला नळ्यांना काचतंतूंची पट्टी गुंडाळली. सगळ्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. आता इंग्लंडमधला पाऊस ती पट्टी पितो आणि आतल्या आत नळ्या गंजतात.

मी बिडाचंच ठेवलं. फ्लँज सपाट आहे का ते मोजपट्टी लावून पाहिलं, ग्राफाइटचं काळं पॉलिश चोळलं. उष्णतेला टिकणारा चंदेरी रंगही मिळतो, पण तो पहिल्यांदा तापताना जो धूर सोडतो तो पाहून शेजारी अग्निशमन दलाला बोलावतात. नट कसले, एकदा इंजिन नीट तापवून पुन्हा कसले. पुढच्या पाइपाला पितळी नट लावले. लोखंडी नट तापून तापून स्टडला असा धरतो की सोडवताना स्टडच हातात येतो.

मग साताऱ्याला मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामानं उमेदीत अँबॅसिडर टूरिस्टला चालवली. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच ब्रिटिश घराण्यातलं, त्यामुळे जगात माझं हे दुःख भाषांतराशिवाय कळणारा तो एकटाच.

"तीन भोकांचंच हाय न्हवं?" मामानं विचारलं.

"हो."

"मग नळ्या कशाला? आमी गॅस्केट फाटलं की कार्डबोर्ड कापून कराडपर्यंत जायचो."

"आणि पुढे?"

"पुढं पॅशिंजरला सांगायचं, आवाज पंपाचा हाय."

मी कॅमेरा पितळी नटांकडे वळवला. मामा स्क्रीनच्या इतका जवळ आला की फक्त एक डोळा दिसायला लागला.

"पितळी व्हय! येताना मूठभर घिऊन ये."

"मामा, अँबॅसिडर तर तू कधीच विकलीस."

"आसू दे रं. ठिवतो डब्यात."