नाताळात नाती जपायची सोपी रीत

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे नाती जपण्याचा हंगाम. पूर्वी हे काम दिवाळीतच उरकायचं. पण अमेरिकेतल्या ऑफिसांना आपली दिवाळी कळत नाही, त्यामुळे जिव्हाळ्याचा सगळा माल आता 25 तारखेच्या आसपास इंदूरच्या विमानतळावर उतरतो. माझा यंदाचा अनुभव अगदी ताजा आहे, म्हणून म्हटलं चार युक्त्या सांगून टाकाव्यात.

सगळ्यात आधी ग्रुप काढा. आडनावापुढे 'परिवार' लावलं की नाव तयार. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात 1024 माणसं मावतात, तेव्हा चुलत, मावस, आते, मामे, कोणालाही वगळू नका. ज्यांच्याकडे अजून बटणांचा फोन आहे, ती माणसं आपोआप गळतात. त्याला इलाज नाही. ती बहुतेक ऐंशीच्या पुढची असतात आणि आहेत तिथेच बसलेली असतात, जाणार कुठे?

मग त्या ग्रुपवर हार्वर्डचं ते संशोधन टाका. तिथली मंडळी 1938 पासून काही माणसांच्या आयुष्याचा माग काढत आहेत. निघालं काय, तर ज्यांची नाती चांगली, ती माणसं जास्त सुखी आणि धडधाकट राहतात. एवढ्यासाठी ऐंशीहून जास्त वर्षं! इंदूरच्या रामबागेत येऊन आमच्या आत्याला विचारलं असतं तर तिने कणीक तिंबता तिंबता सांगितलं असतं आणि वर चहाही पाजला असता. असो. व्हिडिओ आपण स्वतः बघितलाच पाहिजे असं नाही. खाली लाल बदाम टाकला की झालं.

शुभेच्छा सगळ्यांना एकदम पाठवा आणि आलेल्यांना उत्तर देऊ नका. ही परंपरा आहे. जगातला पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडात गेला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस', आणि ज्याला तो पोचला त्याच्या फोनवरून उलट मेसेज पाठवायची सोयच नव्हती. आपल्या फोनवर ती आहे, पण परंपरा मोडायची कशाला?

सीक्रेट सँटा ठेवा. पाचशेची मर्यादा घाला. मला सुगंधी मेणबत्ती आली. गेल्या वर्षी मीच दिलेली.

25 च्या संध्याकाळी व्हाइट चर्चला जाऊन या. प्रार्थनेची काळजी नको, ती करणारे पुढे असतात. आपण मागे गोठ्याच्या देखाव्यासमोर उभं राहून सेल्फी घ्यायचा. (इंदुरात त्यालाही 'झाँकी' म्हणतात. आमच्याकडे जे सजवलं ती झाँकी.) आमच्या शेजारच्या आँटी त्याच चर्चच्या. त्यांच्याकडून दर नाताळला जाळीचा रुमाल घातलेलं ताट येतं, गुजिया, नमकपारे, केकचे चार तुकडे. आमचं दिवाळीच्या फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं. रिकामं ताट परत करायचं नाही, हा नियम त्यांच्या आईपासून आणि माझ्या आजीपासून चालू आहे. कोणाचं ताट कोणाकडे आहे याचा हिशेब आता कोणालाच लागत नाही. त्यांचा ग्रुप मात्र नाही. मागासलेपण, दुसरं काय.

आता मुख्य युक्ती. वेळ द्या, पण पाळू नका.

माझा चुलतभाऊ न्यूजर्सीला असतो. सात वर्षांनी आला, चार दिवसांसाठी, बायकामुलांसकट. उतरला विजयनगरच्या हॉटेलात, कारण मुलांना रामबागेतली न्हाणीघरं झेपत नाहीत. तेही ठीक. ग्रुपवर त्यानेच लिहिलं, '26 ला सात वाजता आत्याकडे रीयुनियन! कान्ट वेट!' खाली एकोणीस बदाम.

आत्या 82 वर्षांची आहे. तिने दोन दिवस आधी मला मंडईत पाठवलं, गराडू हा तळून खायचा कंद आणायला. पांढरा नको, बोटाने दाबून बघ, माती लागलेलाच घे, अशा सूचनांसह. ज्यांनी गराडू सोलला नसेल त्यांना सांगतो, हाताला खाज सुटते. तिने कोपरापर्यंत तेल चोळलं आणि स्वतः सोलला, मला हात लावू दिला नाही, मी म्हणे सालीबरोबर अर्धा गराडू फेकतो. फोडी करून पहिलं तळण सहालाच काढून ठेवलं. दुसरं तळण खायच्या वेळी, गरमागरम, वरून जिरावन मसाला आणि लिंबू. ज्याला हे माहीत नाही त्याने स्वतःला इंदूरचा म्हणवू नये.

सात वाजले. आत्याने गॅस पेटवला. साडेसात. बंद केला. 'निघतोय, पाच मिनिटं,' असा मेसेज आला. मी तो वाचून दाखवला. तिने पुन्हा पेटवला. आठ. बंद. साडेआठला खाली गाडी थांबल्यासारखं वाटलं म्हणून तिसऱ्यांदा पेटवला. गाडी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची होती.

आठ पन्नासला मी फोन उघडला, तर साहेबांची स्टोरी. छप्पनवर, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत. हातात कागदाची प्लेट, प्लेटीत गराडू, टूथपिकने एक एक फोड उचलून कॅमेऱ्यासमोर नाचवतोय. 'टेस्ट ऑफ होम'. खाली 'क्या भिया!' असं स्टिकर.

मी फोन पालथा ठेवला. आत्या म्हणाली, "आला का मेसेज? येऊन राहिलाय ना?"

म्हटलं, "हो, ट्रॅफिक आहे."

नऊ चाळीसला आले. बारा मिनिटं होते. मी घड्याळ बघत होतो, हो, मी क्षुद्र माणूस आहे. "अगं आत्या, पोट फुल्ल आहे, आत्ताच छप्पनला खाल्लं, पण तू कशाला एवढं केलंस?" पोरं एका चार्जरवरून भांडत होती. वहिनींनी सगळ्यांना सोफ्यावर बसवलं, आत्याला मधे. ती पदराला तेलाचे हात पुसत होती, तर "आत्या, इकडे बघ, स्माइल!" फोटो अकरा काढले. बारा मिनिटांत अकरा. ग्रुपवर पडला तो सातवा, त्यात आत्याचे डोळे मिटलेले आहेत, पण बाकी सगळे छान आलेत. खाली लिहिलं होतं 'फॅमिली इज एव्हरीथिंग'.

निघताना आत्याने डबा दिला. शंकरपाळे, सकाळी केलेले. गराडू गार झालेत, ते आता चांगले लागायचे नाहीत, असं म्हणाली. डबा तिच्या लग्नातला, झाकणावर तिचं माहेरचं नाव आणि 1966 कोरलेलं. हाच डबा घेऊन हा माणूस चार वर्षं जीएसआयटीएस कॉलेजला गेला. आत्याच्या घरी राहून, तिच्या हातचा डबा नेऊन इंजिनिअर झाला.

29 ला सकाळी हॉटेलातून मला फोन. खोल्या मीच बुक केल्या होत्या. "सर, रूम में एक स्टील का टिफिन रह गया है. सामान भरा हुआ है."

मी जाऊन घेऊन आलो. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं, आत्याने बांधलेली सुतळी तशीच.

युक्त्या अजून होत्या. संक्रांतीला तिळगुळाचं स्टिकर पाठवा, रंगपंचमीला गेरचे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीचे, व्हिडिओ मागवून 'मिसिंग इंदूर' लिहा, वाढदिवसाला फेसबुकने सांगितल्यावर शुभेच्छा द्या, कोणी गेलं तर हात जोडलेली चित्रं टाका. पण मला आता कंटाळा आला. खरं सांगायचं तर युक्त्या मला सुचतच नाहीत, तो डबा समोर टेबलावर आहे.

परवा आत्याने विचारलं, "शंकरपाळे आवडले का रे त्याला? डबा रिकामा केला का?" मी हो म्हणालो. वयाच्या 51 व्या वर्षी आत्याशी खोटं बोललो, ते तुझ्यामुळे. हो, तुझ्यामुळे. लेख तू वाचणार हे मला माहीत आहे, ग्रुपवर मीच टाकणार आहे.

लाज वाटू दे थोडी. विमानाच्या तिकिटाला लाखोंनी पैसे घातलेस आणि म्हातारीसाठी तुझ्याकडे एक संध्याकाळ नव्हती. यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस, ती रागावली नसती, आठ वाजता जेवून झोपली असती. तिला अकरा फोटो नको होते. तिला तू समोर बसून चार फोडी खाताना, 'जिरावन कमी आहे' म्हणून कुरकुरताना बघायचं होतं. तेवढंच. आणि इथे बदाम टाकणारे तुम्ही एकोणीस जण, तुम्हीही काही वेगळे नाही. तुमच्यातले सहा इंदुरातच राहता, रामबाग ओलांडून रोज ऑफिसला जाता. गेल्या दिवाळीनंतर तिचा जिना कोण चढलंय, सांगा.

तिचा नंबर तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडून घे. दुपारी तीन ते पाच ती झोपते. तुझ्या सकाळी आठला इथे संध्याकाळचे साडेसहा होतात, तेव्हा ती दिवा लावून रिकामी असते. फोन वाजला की उचलायला तिला वेळ लागतो, गुडघे धरलेत. दहा रिंग होऊ दे, लगेच ठेवू नकोस. शंकरपाळ्यांचं विचारेल. काय सांगायचं ते तुझं तू ठरव.