पाइल पोकळ असला म्हणून पाया पोकळ होत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पायासाठी जमिनीत खोल ठोकायचे कारखान्यातले काँक्रीटचे खांब, म्हणजे प्रीस्ट्रेस्ड (ताणलेल्या तारांनी आधीच आवळलेले) पाइल, आतून पोकळ असतात, तारा ताणण्यात त्यांची अर्धी ताकद आधीच संपलेली असते, हॅमरच्या घावाने ते तडकतात आणि सांध्यात तुटतात, म्हणून पाया हवा तर जागेवर ओतलेल्या भरीव पाइलचाच.

आधी पोकळीचं बघू. साचा गरगर फिरवला की काँक्रीट कडेला घट्ट बसतं, जादा पाणी आतल्या बाजूला निघतं आणि मधे भोक राहतं. 500 मिमी व्यासाच्या, 100 मिमी जाडीच्या पाइलमध्ये भरीवच्या 64 टक्केच काँक्रीट असतं, हे खरं. पण ते असतं 80 न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचं. जागेवर ओतलेलं 30 चं धरलं, तर नुसत्या काँक्रीटच्या हिशेबाने पोकळ पाइल सुमारे 1,000 टनांना चिरडेल, भरीव सुमारे 600 टनांना. मधलं काँक्रीट वाकण्याला फारसा विरोध करतच नाही. ते काढूनही छेदाचा जडत्व आघूर्ण, म्हणजे वाकण्याला विरोधाचं माप, 87 टक्के उरतो.

‘अर्धी ताकद’ कुठून आली देव जाणे. या पाइलमधला प्रीस्ट्रेस, म्हणजे तारांनी काँक्रीटवर आणलेला दाब, साधारण 4 ते 10 न्यूटन प्रति चौरस मिमी असतो. म्हणजे 80 पैकी विसावा ते आठवा हिस्सा.

आणि तो वाया जात नाही, हाच खरा मुद्दा. हॅमर पडला की दाबाची लाट पाइलमधून खाली धावते. टोकाखाली मऊ चिखल असेल तर ती उलटून ताणाची लाट होऊन वर येते. काँक्रीट ताणाला मुळातच कच्चं, तिथेच आडवे तडे पडायचे. पण तारांनी ते आधीच आवळून ठेवलेलं असल्यामुळे ताणाला आधी तो दाब संपवावा लागतो. ट्रकवरून उचलतानाही हेच कामी येतं. म्हणजे घावाने तडकण्याची भीती दाखवताना, त्यावरच्या इलाजालाच मेसेजने दोष दिलाय.

सांध्याबद्दलची शंका रास्त आहे. टोकाच्या पोलादी प्लेटा सरळ जुळवून पूर्ण वेल्ड केल्या तर सांधा टिकतो. घाईत वेल्ड गार होण्याआधीच ठोकायला घेतलं, तर नाही.

मातीचं मात्र मेसेजमध्ये नावही नाही! पाइल किती भार घेईल हे बहुतेक वेळा बाजूचं घर्षण आणि टोकाखालचा थर ठरवतो. त्यामुळे वरचे 1,000 टन कोणी डिझाइनमध्ये धरत नाही, आणि ‘तिप्पट भार’ म्हणून हेच पाइल विकणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. मोठे धोंडे असलेल्या जमिनीत ते नकोच. तिथे बोअर करून ओतलेला पाइल बरा. अर्थात त्यातही ट्रेमी पाइप (काँक्रीट तळापर्यंत सोडणारी नळी) वेळेआधी वर ओढला की काँक्रीटमध्ये माती शिरते आणि वरून काही दिसत नाही.

भूकंपप्रवण भागात आणखी जपायला हवं. 1995 च्या जपानमधल्या कोबे भूकंपात असे पाइल माथ्यापाशी आणि द्रवीभूत (हादऱ्यांनी पातळ चिखलासारख्या झालेल्या) वाळूच्या थराच्या तळाशी मोडलेले सापडले. वाकताना ते ठिसूळपणे तुटतात. अशा ठिकाणी वरच्या भागात पोकळीत सळ्यांसह काँक्रीट भरणं किंवा बाहेरून पोलादी नळी असलेला पाइल वापरणं, याचा विचार डिझाइनच्या वेळीच करावा लागतो.