"यात योग कुठे आहे?" या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार, एवढं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की दुर्गम जागी योग रिट्रीट, म्हणजे काही दिवस एकत्र राहून करायचं योग शिबिर, कसं घ्यायचं यावर मी एवढं लांबलचक लिहिलं आणि त्यात निम्म्याच्या वर संडास, पाणी, फर्स्ट एड, आजारांचा फॉर्म हेच, मग यात योग कुठे आहे? ऋषीमुनी रानात जाताना असल्या सोयी बघायचे का? आणि योग घरी सतरंजीवर होतो, मग माणसांचा घोळका निसर्गात न्यायचाच कशाला?

ऋषीमुनींपासूनच सुरू करतो. हठयोगप्रदीपिका, १५व्या शतकातला ग्रंथ, स्वात्मारामांचा. त्यात आसनं सुरू व्हायच्या आधीच जागेचं वर्णन येतं. राज्य चांगलं असावं, अन्नाची ददात नसावी, कसला उपद्रव नसावा, धनुष्यभर म्हणजे चार हात अंतरात दगड, आग, पाणी नसावं आणि अशा ठिकाणी एकांतात लहानशी मठी. तिला दार लहान, भोकं-खड्डे नाहीत, फार उंच नाही फार ठेंगणी नाही, शेणाने नीट सारवलेली, आत किडामुंगी नाही, बाहेर मांडव, ओटा, विहीर आणि भोवती भिंत. हे सगळं सांगून झाल्यावर पुढच्या श्लोकात म्हटलंय की अशा मठीत राहून, सगळ्या चिंता सोडून, गुरूने दाखवलेल्या वाटेने अभ्यास करावा. क्रम बघा ना, आधी विहीर आणि भिंत, मग चिंता सोडणं! मी जे लिहिलं ते याच क्रमाने लिहिलं. चिंता सोडा असं समोरच्याला सांगायचं असेल तर आधी ती चिंता आयोजकाने स्वतःच्या डोक्यावर घ्यायला हवी.

आता संडासाचंच घ्या, कारण तुम्ही त्यावर जरा जास्तच नाराज दिसलात. संडास लांब, वाट अंधारी, खाली ओलं गवत, असं असलं की माणसं काय करतात माहितीये? संध्याकाळपासून पाणी प्यायचंच बंद करतात, रात्री उठावं लागू नये म्हणून. कोणी बोलत नाही, पण सकाळी डोकं जड, पोटऱ्यांत गोळे आणि शिक्षक सांगतोय श्वासाकडे लक्ष द्या. कसं देणार? म्हणून वाटेवर जमिनीलगत मंद दिवे, आणि खड्डा पाण्याच्या स्रोतापासून निदान ३० मीटर लांब, म्हणजे त्या पाण्यावर जगणाऱ्या बाकीच्यांनाही त्रास नको.

ओढ्याकाठच्या डेकचंही, म्हणजे सरावासाठीच्या लाकडी ओट्याचंही, तसंच. फोटोत सुंदर दिसतो, पण पाण्याच्या आवाजात मागच्या रांगेला सूचना ऐकूच येत नाहीत, पुढचे श्वास सोडतायत आणि मागचे अजून घेतायत, मग शिक्षक आवाज चढवतो आणि शवासनातसुद्धा ओरडून सांगावं लागतं. वर पहाटेच्या दवाने मॅट निसरडी, अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) तळवे पुढे पुढे सरकतात, खांदे आवळतात आणि सगळं लक्ष मनगटात.

फॉर्मबद्दल मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, काचबिंदू असलेल्या माणसाला ते आसन द्यायचं नाही. बीपी जास्त असेल किंवा गरोदर असेल तर जोरात कपालभाती नाही. शहरात चूक झाली तर दवाखाना जवळ असतो, दुर्गम जागी गाडीरस्त्यापर्यंत पोचायलाच तास जातात, म्हणून हे निघायच्या आधी कळायला हवं. आणि जागा २५०० मीटरच्या वर असेल तर डोकेदुखी, मळमळ हा उंचीचा त्रास असू शकतो. अशा वेळी "शरीरातली घाण बाहेर पडतेय, डिटॉक्स होतंय" असं सांगणारे लोक आहेत आणि त्याची मला खरंच भीती वाटते, कारण त्रास वाढत असेल तर त्या माणसाला ताबडतोब खाली न्यायचं असतं, प्राणायाम करत बसवायचं नसतं.

निसर्गाच्या बाबतीत तुमचा राग मला पटतो. स्पीकर, रात्रभर जनरेटर, झाडाझाडांवर लायटिंग, हे नकोच. बायोडिग्रेडेबल साबणसुद्धा ओढ्यात चालत नाही, तो कुजायला माती लागते, त्यामुळे पाणी बादलीत घेऊन लांब जायचं. आणि जागा जेवढी माणसं पेलेल तेवढीच न्यायची, बुकिंग कितीही आलं तरी.

राहिलं घर. होतो की घरी योग, आणि ज्यांचा रोजचा सराव घरी नीट चाललाय त्यांना रिट्रीटची गरज आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण बऱ्याच जणांना घरात सलग अर्धा ताससुद्धा कोणी सोडत नाही, विशेषतः बायकांना, शवासनात पडलं की तेवढ्यात हाक येते. चार दिवस कोणी काही मागत नाहीये, फोन लागत नाहीये, उठणं-झोपणं एका वेळेला, एवढं मिळालं तरी श्वास कसा चाललाय ते पहिल्यांदा जाणवतं लोकांना. ते रानातच मिळतं असं नाही, पण तिथे लवकर मिळतं.

तुम्ही कधी जायचं ठरवलंत तर आयोजकाला फोन करून एवढं विचारा, रात्री कोणाला बरं वाटलं नाही तर गाडी कुठून येणार आणि किती वेळात. तो उत्तर देताना अडखळला तर पैसे भरू नका.