‘नोमॅड व्हिसा काढा, टॅक्स विसरा’ असं कोण म्हणतंय?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: डिजिटल नोमॅड व्हिसा (दुसऱ्या देशात राहून बाहेरच्या कंपनीचं ऑनलाइन काम करणाऱ्यांचा, म्हणजे ‘नोमॅड’ लोकांचा व्हिसा) काढा, कुठल्याच देशात 183 दिवसांच्या वर थांबू नका, पैसे बाहेरच्या कंपनीकडून येतात म्हणून तिथे टॅक्स नाही, स्वतःच्या देशातून निघालात म्हणून इथेही नाही, आणि कोणी विचारलंच तर डबल टॅक्सचा करार (एकाच कमाईवर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून दोन देशांनी केलेला) आहेच. वाचायला झकास. पण एकेक वाक्य सुटं करून बघितलं की हातात फार काही उरत नाही.

आधी व्हिसा. तो देतं इमिग्रेशन खातं, आणि तो एवढंच सांगतो की इथे राहून बाहेरच्यांचं काम केलंत तर आमची हरकत नाही. टॅक्सवाले वेगळे, त्यांचे प्रश्न वेगळे. एस्टोनियाने 2020 मध्ये असा व्हिसा आणला, एक वर्षापर्यंतचा, पण 12 महिन्यांत 183 दिवस तिथे भरले की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्सच्या हिशेबात तिथलेच रहिवासी, हातात व्हिसा कुठला का असेना. (आणि प्लीज, एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला मिळणारं डिजिटल ओळखपत्र, यात मिसळू नका, त्या कार्डावर तिथे राहताही येत नाही आणि टॅक्स रेसिडन्सही मिळत नाही, तरी लोक दोन्ही एकच समजून बिनधास्त फॉरवर्ड करतात.)

आता जे खरं आहे ते मान्य करू. क्रोएशियाने 2021 पासून नोमॅडला त्याच्या बाहेरच्या कामाच्या कमाईवर इन्कम टॅक्स माफ केलाय, बार्बाडोसच्या वेलकम स्टँप या अशाच व्हिसावरही तसंच आहे. पण ही त्या त्या देशांनी कायद्यात लिहून दिलेली सूट आहे, तीच सगळ्या जगाचा नियम म्हणून खपवली जातेय. स्पेनमध्ये बघा, तिथे नोमॅडला 24 टक्के फ्लॅट रेट मिळू शकतो, 6 लाख युरोंपर्यंत, म्हणजे सवलत आहे पण शून्य नाही, आणि तीही मुख्यतः नोकरदारांना, फ्रीलान्सर बहुतेक वेळा बाहेर. शिवाय अर्ज 6 महिन्यांच्या आत करायचा, चुकला की नेहमीचे चढते स्लॅब. पोर्तुगालची जी एनएचआर (नव्या रहिवाशांना टॅक्समध्ये सवलत देणारी) स्कीम अजून व्हिडिओंमध्ये विकतात ती 2024 पासून नव्या लोकांना बंद आहे, तिच्या जागी आलेली स्कीम संशोधन वगैरे ठराविक कामांपुरती.

आणि ते 183! हा आकडा लोक मंत्रासारखा जपतात. पहिली गोष्ट, मोजायची पद्धत सगळीकडे एक नाही, कुठे कॅलेंडर वर्ष धरतात, कुठे कुठलेही सलग 12 महिने, त्यामुळे ऑक्टोबरात आलो आणि मेमध्ये निघालो म्हणून सुटलो असं होत नाही. थायलंडचा 2024 चा डीटीव्ही हा नोमॅडना मिळणारा व्हिसा एका एंट्रीत 180 दिवस राहू देतो आणि तिथला टॅक्स रेसिडन्सही वर्षात 180 दिवसांनीच लागतो, म्हणजे 183 च्या भरवशावर बसलेला माणूस बरोबर रेषेवर जाऊन अडकतो. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट अशी की दिवस ही अनेक कसोट्यांपैकी एक आहे. जर्मनीत राहतं घर तुमच्या ताब्यात ठेवलंत, किल्ली तुमच्याकडे, कधीही जाऊन राहता येईल असं, तर दिवस न मोजताही तुम्ही रेसिडेंट ठरू शकता. ब्रिटनमधून निघालात पण घर, कुटुंब, काम असे धागे मागे राहिले तर वर्षातले 16 दिवससुद्धा पुरतात. स्पेनमध्ये तुमचा नवरा किंवा बायको आणि लहान मुलं राहत असतील तर तुम्हीही तिथलेच असं आधी धरून चालतात, नसाल तर सिद्ध तुम्ही करायचं.

‘मग मी कुठलाच रेसिडेंट नाही’ हे उत्तर तर बँकेच्या केवायसी फॉर्मवरच अडतं. तिथे सरळ कॉलम असतो, टॅक्स रेसिडन्सचा देश आणि त्या देशाचा टॅक्स नंबर, खाली सही. शंभराहून जास्त देश सीआरएस या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखाली खात्यांची माहिती एकमेकांना देतात, ती जाते याच कॉलममधून. लोक मग सवयीने जुन्या देशाचं नाव लिहून टाकतात, आणि खात्याची माहिती दरवर्षी तिकडे जात राहते. काही देशांनी तर ‘कुठलाच नाही’ ही वाटही बुजवली आहे. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो जगात कुठेही असला तरी रिटर्न मागते. भारताने 2020 मध्ये कलम आणलं की भारतीय नागरिक, परदेशी स्रोत सोडून उत्पन्न 15 लाखांच्या वर, आणि राहण्यामुळे दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्स लागू नाही, तर त्याला रेसिडेंट मानायचं (जगभरचं सगळंच उत्पन्न त्यात ओढलं जात नाही, पण सुटका झाली असंही नाही).

‘पैसे बाहेरून येतात’ हा मुद्दा लवकर संपतो. पगार कुठून आला यापेक्षा काम करताना तुम्ही कुठे बसला होतात हे बघतात. करारांमध्ये नोकरदाराला सूट असते, पण तीन अटी एकत्र लागतात: दिवस 183 च्या आत, कंपनी त्या देशाची नाही, आणि पगाराचा बोजा तिथल्या एखाद्या शाखेवर पडत नाही. एक अट तुटली की सूट गेली, आणि करारच नसेल तर तिथला स्थानिक कायदा काय म्हणतो ते.

करार म्हणजे माफी, हा आणखी एक गैरसमज. दोन्ही देश तुम्हाला आपला म्हणत असतील तर करार क्रमाने विचारतो: कायमचं घर कुठे, जवळची माणसं आणि व्यवहार कुठे, नेहमी राहता कुठे, नागरिकत्व कुठलं. त्यातून एक देश ठरला की दुसरीकडे भरलेल्याचं क्रेडिट मिळतं किंवा ते उत्पन्न वगळलं जातं, पण क्रेडिटच्या हिशेबात शेवटी खिशातून जातो तो बहुतेक वेळा दोघांतला जास्तीचा दर. आणि रेसिडन्सी सर्टिफिकेट काढून तुम्ही मागितलंत तरच, आपोआप कोणी काही देत नाही.

मेसेजमध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे पेन्शन-विम्यासाठी कमाईतून कापल्या जाणाऱ्या वर्गणीचा, तर उल्लेखच नाही. तिचे करार इन्कम टॅक्सच्या करारांपासून वेगळे असतात, सगळ्या देशांत नसतातही. अमेरिकन फ्रीलान्सरने 12 महिन्यांत 330 दिवस बाहेर काढून ठरावीक मर्यादेपर्यंत इन्कम टॅक्स वाचवला तरी 15.3 टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचं काम करणाऱ्याची सोशल सिक्युरिटीची वर्गणी) त्याच कमाईवर उभाच राहतो. आणि नोकरी करणाऱ्याने तर कंपनीला न सांगता निघूच नये, तुमच्यामुळे कंपनीची तिथे शाखा आहे असं धरलं गेलं तर टॅक्सचं बिल तिच्याही नावाने निघू शकतं, आणि लॉगिन कुठल्या देशातून झालं हे आयटीवाल्यांना दिसत असतंच.